‘समरी’ला गोषवारा म्हणावे की सारांश?

परभणी (मूळ प्रश्न): कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘आर’ या संगणकीय भाषेची मराठी हस्तपुस्तिका लिहिताना पहिल्याच प्रकरणात अडचण आली आहे. पावसाच्या आकड्यांच्या स्तंभाला ‘समरी’ ही आज्ञा दिली की किमान, पहिले चतुर्थक (चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांच्या पाव टप्प्यावरचा आकडा), मध्यक (मधोमधचा), मध्य (सरासरी), तिसरे चतुर्थक (पाऊण टप्प्यावरचा) आणि कमाल असे सहा आकडे समोर येतात. काही दिवसांच्या नोंदी नसतील तर त्यांची संख्या सातव्या रकान्यात वेगळी दिसते. याला मी ‘गोषवारा’ असे शीर्षक दिले होते. हस्तलिखित वाचणाऱ्या सहकाऱ्यांनी ते खोडून ‘सारांश’ केले. गोषवाऱ्यात बेरीज असते आणि येथे बेरीज कोठेच नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. आपले मत काय?

उदगीर, सेवानिवृत्त तलाठी: गोषवाराच योग्य आहे. पीकपेऱ्याच्या नोंदींची सगळी पाने गावातच राहत आणि तालुक्याला जाई तो गोषवारा. सारांश कथेचा किंवा भाषणाचा असतो, आकड्यांचा नव्हे.

छत्रपती संभाजीनगर: मला हे पटत नाही. ‘गोषवारा’ मूळचा फारसी. फारसी शब्दांना पर्याय देण्यासाठी शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला गेला. आज विद्यार्थ्यांना सहज कळणारा ‘सारांश’ हाताशी असताना आपण मागे का जावे?

नांदेड: आमचे आजोबा ‘गोष्टवार’ या शब्दापासून याची व्युत्पत्ती सांगत. तो फारसी कशावरून?

बीड: गोश म्हणजे कान आणि गोशवारा म्हणजे कानातला अलंकार, उर्दूत हिशेबाच्या तक्त्यालाही तोच शब्द आहे. आपल्याकडे 1948 पर्यंत निजामाचा अंमल असल्याने तो घरोघरी पोचला, असे मी मानतो.

छत्रपती संभाजीनगर: तो पुण्या-साताऱ्याच्या दप्तरांतही रुळलेला आहे, त्याचे श्रेय निजामाला देऊ नये.

लातूर, संख्याशास्त्राच्या अध्यापिका: शीर्षकापेक्षा आतल्या शब्दांची मला अधिक काळजी वाटते. दहावीच्या पुस्तकात मध्य, मध्यक, बहुलक आहेत आणि भूमितीत मध्यगा आहे; वर्गात ‘मध्य’ आणि ‘मध्यक’ हे शब्द ऐकताना हमखास गल्लत होते, म्हणून मी पहिल्याला आग्रहाने ‘सरासरी’ म्हणते. एखाद्या महसूल मंडळात पाच दिवसांत 0, 0, 3, 5 आणि 92 मिलिमीटर पाऊस झाला, तर सरासरी 20 येते, पण मध्यक केवळ 3. एका दिवसाच्या अतिवृष्टीने सरासरी भरते आणि सोयाबीन मात्र वाळते. हे दोन आकडे शेजारी पाहण्यासाठीच तर ही आज्ञा द्यायची.

नांदेड: मी ‘आर’ऐवजी मॅटलॅब हे गणिती सॉफ्टवेअर वापरतो. तेथे चलांच्या यादीतच किमान, कमाल, सरासरी यांचे स्तंभ दाखवता येतात, म्हणून मला ‘आढावा’ जवळचा वाटतो. पण सातव्या रकान्याला काय म्हणणार? ‘निरंक’ चालेल का?

उदगीर, सेवानिवृत्त तलाठी: मुळीच नाही. निरंक म्हणजे चौकशी केली आणि काही आढळले नाही. पाऊस पडला नाही तर निरंक. पर्जन्यमापक बंद होता तर ‘अप्राप्त’.

लातूर: भाऊसाहेबांचा भेद अगदी महत्त्वाचा आहे. शून्य हा आकडा सरासरीत धरला जातो. नोंदच नसेल तर ‘आर’मधली सरासरीची आज्ञा, तशी सूचना दिल्याशिवाय, उत्तरच देत नाही, ‘समरी’ मात्र त्या नोंदी बाजूला ठेवून उरलेल्यांवर हिशेब करते. रिकाम्या जागी कोणी शून्य भरले, तर कोरड्या दिवसांची संख्या फुगते आणि सरासरी उगाच खाली येते.

छत्रपती संभाजीनगर: ‘अप्राप्त’ म्हणजे जे मिळाले नाही ते, येथे मोजमापच झालेले नाही. ‘अनोंद’ असा नवा शब्द घडवावा.

बीड: ‘अनोंद’ कोणीही बोलत नाही. साधे ‘नोंद नाही’ लिहावे.

उदगीर, सेवानिवृत्त तलाठी: रकाना अरुंद असतो, तेथे दोन शब्द मावत नाहीत. दप्तरात ‘अप्राप्त’ चालत आला आहे.