मदत हवी आहे: पोरीला गव्हर्मेंट मेडिकल लागलंय, घेऊ की सोडू? उद्या शेवटचा दिवस

अमळनेरकर_आप्पा
मंडळी लवकर सांगा, वेळ नाहीये. पोरीला गव्हर्मेंट मेडिकल लागलंय पण घ्यावं की नाही यावर घरात परवापासून नुसता कल्ला चालू आहे. माझा साडू म्हणतो सरकारीत शिकवायला कोणी नसतं, पोरांना नुसते स्ट्रेचर ढकलायला लावतात, त्यापेक्षा प्रायव्हेट बरं, बिल्डिंग चांगली, हॉस्टेल चांगलं, पोरगी डोळ्यासमोर राहील. तिचे मामा म्हणतात येडे झाले का, सरकारी सीट कोणी सोडतं का. पोरगी काही बोलत नाही, मोबाईलमध्ये तोंड घालून बसलीय. मुख्य म्हणजे तो फॉर्म भरायचा की नाही ते सांगा, त्याची मुदत उद्या संध्याकाळपर्यंतच आहे. सरकारीचे फायदे तोटे ज्यांनी स्वतः भोगलेत त्यांनीच सांगा, ऐकीव नको.

तापीकाठचा_मास्तर
आप्पा, कोणतं कॉलेज? कोणता राउंड? स्टेट कोटा का ऑल इंडिया? कॅटेगरी? मार्क? आणि "तो फॉर्म" म्हणजे कोणता? डॉक्टरसमोर बसून नुसतं "दुखतंय" म्हटल्यावर तो गोळी कशाची देणार?

शेवभाजी_प्रेमी
सगळ्यात आधी अभिनंदन आप्पा!! पेढे कधी

भडगावनं_पोऱ्या
आप्पा आंडेरले डाक्टर करनं शे ना? मंग सरकारी भेटनं शे ते लई ल्या, इचार कसाले करतस

अमळनेरकर_आप्पा
पहिला राउंड. नंदुरबार लागलंय. ओबीसी आहे. मार्क कशाला पाहिजे, सीट लागलीय ना. फॉर्म म्हणजे तो रिटेन्शनचा.

नाईट_ड्युटी_संपेना
हे आधी सांगायचं ना काका!! विषयच वेगळा आहे हा. सगळे सरकारी का प्रायव्हेट करत बसलेत आणि तुमचा खरा प्रश्न स्टेटस रिटेन्शनचा आहे. नीट वाचा. आधी कॉलेजला जाऊन जॉइन करावं लागतं, ओरिजिनल कागद जमा करावे लागतात. मग रिटेन्शन फॉर्म भरला म्हणजे तुम्ही लिहून देता की मला हीच सीट हवी, पुढच्या राउंडला मी नाही. विषय संपला. नाही भरला तर पुढच्या राउंडला विचार होतो, वरचं काही लागलं तर नंदुरबारची सीट आपोआप जाते, मग परत मागून मिळत नाही. वरचं नाही लागलं तर नंदुरबार तुमच्याकडेच राहतं. बाकी या वर्षीचं सीईटी सेलचं (राज्याचे प्रवेश बघणारं ऑफिस) ब्रोशर उघडून एकदा डोळ्याखालून घाला, दर वर्षी काहीतरी फिरवतात.

तापीकाठचा_मास्तर
आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, जिथे जायचंच नाही असं कॉलेज यादीत लिहूच नका. "लागलं तर बघू" म्हणून लिहितात आणि मग लागतंच.

धुळे_08_बॅच
आता भोगलेल्याचं ऐका. मी धुळ्याचा, हिरे मेडिकल. आपल्या गावाला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर दोन्ही हायवे भेटतात, त्यामुळे रात्री कॅज्युअल्टीत काय येतं ते सांगायला नको. एका रात्रीत ट्रकचा अपघात, फवारणीचं औषध प्यालेला, साप चावलेला आणि लेबर पेनची बाई हे सगळं मी बघितलंय. इंटर्नशिप संपली तेव्हा टाके, इंट्राकॅथ (सलाईनची सुई), डिलिव्हरी याची भीती गेलेली होती. हे पुस्तकातून येत नाही आणि बिल्डिंग बघूनही येत नाही. तोटेही सांगतो. औषध संपलं की नातेवाईक बोंब तुमच्याच नावाने मारतात, त्यांच्यासमोर एप्रन घालून तुम्हीच उभे असता ना. ब्लड बँकेत पळणं, रिपोर्ट आणणं, ट्रॉली ओढणं ही कामं इंटर्नलाच करावी लागतात कारण वॉर्डात मामा (वॉर्डबॉय) नाही, मावशी (आया) नाही. साडू तुमचे तेवढ्यापुरते खरं बोलतात. माझं मत विचाराल तर रिटेन्शन भरू नका, धुळ्यासाठी थांबा. कॉलेज जुनं आहे, सिनियर आहेत, पीजी (एमबीबीएसनंतर एमडी-एमएस करणारे) आहेत.

एप्रन_धुवायचाय
सर धुळे धुळे करतात पण एक मुद्दा सोडला. पीजी असलेल्या कॉलेजात चांगल्या प्रोसिजर रेसिडेंट (म्हणजे पीजीवालाच) घेऊन जातो, इंटर्न बघत बसतो. नव्या कॉलेजात पीजी कमी, सगळं इंटर्नच्या हाताला येतं. उलटी बाजू पण आहे, रात्री दोनला अडलं तर शिकवायला रेसिडेंट पण नाही. नंदुरबारची पहिली बॅच 2020 ची, म्हणजे नोट्स देणारे, व्हायव्हाला काय विचारतात ते सांगणारे जुने लोक नाहीत. लेक्चरचं म्हणाल तर आता सगळीकडे पोरं मॅरो अ‍ॅपवर व्हिडिओ लावून रूमवर अभ्यास करतात आणि अटेंडन्सपुरती वर्गात बसतात, थिअरीला 75 आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के लागतेच. पेपर सगळ्यांना नाशिकच्या विद्यापीठाचाच, डिग्रीही तीच.

पाचोरा_एक्सप्रेस
मी प्रायव्हेटला आहे आणि प्रायव्हेटला नावं ठेवणाऱ्यांचा राग येतो. आमचे सर रोज येतात, अ‍ॅनाटॉमीचं डिसेक्शन व्यवस्थित झालं, लायब्ररी रात्री उशिरापर्यंत चालू. सरकारीत माझा मित्र आहे, नाव घेत नाही कुठे, हॉस्टेलला पाणी आलं की तो ग्रुपवर फोटो टाकतो.

धुळे_08_बॅच
पेशंट किती असतात ते पण सांग ना भो. इन्स्पेक्शनच्या दिवसाचे नको, एरवीचे.

पाचोरा_एक्सप्रेस
सगळी प्रायव्हेट तशी नसतात. आमच्याकडे सरकारी योजनेचे (फुकट उपचारवाले) पेशंट भरपूर येतात.

धुळे_08_बॅच
बरं बरं. आणि फी?

रावेर_केळीबाग
हो फीचं कोणी बोलतच नाहीये. सरकारीला वर्षाला सव्वा-दीड लाखाच्या आसपास आणि प्रायव्हेटला त्याच्या कितीतरी पट, साडेचार वर्षं. शेती विकावी लागते राव. आप्पा तुमचं उत्पन्न किती?

अमळनेरकर_आप्पा
शेतकरी माणूस, कापूस आणि थोडा मका. उत्पन्न दाखला आठ लाखाच्या खूप खाली आहे. प्रायव्हेटला मुलींना फी माफ आहे म्हणे, साडू तेच सांगतो, म्हणून तर घोळ.

सेतू_केंद्र_चाळीसगाव
साडू अर्धं सांगतात. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आहे, आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. कॅपमधून (सरकारी प्रवेश फेरीतून) प्रवेश पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही, अभिमत विद्यापीठाला नाही. आणि माफ फक्त ट्यूशन आणि परीक्षा. हॉस्टेल, मेस, डिपॉझिट, डेव्हलपमेंट वगैरे नावाखाली जे काही मागतील ते तुमच्या खिशातून. प्रायव्हेटला हे वरचेच पैसे सरकारीच्या अख्ख्या फीपेक्षा जास्त होऊ शकतात, आधी लेखी घ्या. सरकारी कॉलेजलाही हीच माफी लागू आहे, म्हणजे तिथे तर खर्च अजून खाली. महाडीबीटीचा (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल) फॉर्म मात्र दर वर्षी न चुकता भरावा लागतो.

यावलचा_नाना
आपण खान्देशवाले 70-30 मध्ये (70 टक्के सीटा त्या त्या विभागातल्या पोरांना, 30 बाकी राज्याला) मार खातो, विदर्भ मराठवाडावाले आपल्या सीटा नेतात, त्यामुळे लागली ती पकडून ठेवा.

तापीकाठचा_मास्तर
नाना 70-30 सप्टेंबर 2020 मध्येच रद्द झालं. आता राज्यात एकच गुणवत्ता यादी.

यावलचा_नाना
कागदावर रद्द. आमच्या भाच्याला 2018 ला त्याच्यामुळेच लागलं नाही.

तापीकाठचा_मास्तर
2018 ला होतंच ना तेव्हा. आता नाहीये एवढंच म्हणतोय.

जामनेर_ट्यूशन
मुलीने नीटची परीक्षा रिपीट केली होती का? कुठे? माझा मुलगा अकरावीला आहे, क्लास लातूरला लावायचा का राजस्थानात कोटाला ते ठरत नाहीये.

अमळनेरकर_आप्पा
हो बारावीनंतर एक वर्ष लातूर.

नाईट_ड्युटी_संपेना
काका थांबा, मग गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट केलंय का? आणि जात व्हॅलिडिटी हातात आहे की अजून समितीकडे फिरतेय? नॉन क्रिमीलेयरची तारीख बघा, पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारं पाहिजे. मेडिकल फिटनेस. डोमिसाईल. आणि डीडी काढलाय का?

अमळनेरकर_आप्पा
व्हॅलिडिटी आहे, नॉन क्रिमीलेयर नवं काढलंय. डीडी कशाला? ऑनलाइन चालत नाही?

नाईट_ड्युटी_संपेना
कॉलेजच्या साइटवर प्रवेशाची नोटीस असेल त्यात लिहिलेलं असतं कोणाच्या नावाने. काही ठिकाणी डीडीच मागतात. सकाळी बँक उघडल्या उघडल्या उभे राहा आणि झेरॉक्सचे दोनचार सेट जवळ ठेवा.

लेबररूम_वाली
मुलगी आहे म्हणून मी लिहिते, इथे सगळे पुरुषच बोलतायत. सरकारी कॉलेजात इंटर्नशिप केली, कोणतं ते सोडा. लेबर रूममध्ये इतकं शिकले की आज पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) एकटी असले तरी घाबरत नाही. पण मुलींसाठी वेगळी ड्युटी रूम आहे का, तिला आतून कडी लागते का, रात्री वॉर्डातून हॉस्टेलपर्यंतच्या रस्त्याला दिवे आहेत का, हे आप्पांनी स्वतः चालत जाऊन बघावं. आमच्याकडे ड्युटी रूमला कडी नव्हती, आम्ही दाराला टेबल लावून झोपायचो. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याला आर. जी. कर हॉस्पिटलात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीचं जे झालं त्यानंतर गार्ड वाढले पण कडीचं मलाच मेट्रनच्या मागे लागून करून घ्यावं लागलं. प्रायव्हेटलाही हेच बघा, चकचकीत लॉबीवर जाऊ नका.

फैजपूर_फार्मा
एवढं सगळं करण्यापेक्षा बी.फार्म करा, चार वर्षात मोकळं. नाहीतर बीएएमएस, त्याला पण आता मागणी आहे.

धुळे_08_बॅच
ज्याला एमबीबीएस सरकारी लागलंय त्याला तुम्ही बी.फार्म सुचवताय. धन्य आहात.

रावेर_केळीबाग
बाँडचं विसरले सगळे. सरकारीतून केलं की एक वर्ष सरकार म्हणेल तिथे नोकरी, नाहीतर दहा लाख भरा. तोरणमाळला टाकलं तर?

लेबररूम_वाली
टाकलं तर जायचं. बाँडमध्ये पगार मिळतो, फुकट राबवत नाहीत. मी अक्कलकुवा तालुक्यात केलं. सिकलसेल काय असतो, कुपोषित बाळ कसं दिसतं ते तिथे कळलं. भाषा येत नव्हती, आशाताई दुभाष्याचं काम करायच्या, हळूहळू पावरी बोली थोडी कानाला बसली. त्रास झाला, नेटवर्क नव्हतं, पीजीचा अभ्यास मागे पडला हे खरं आहे. पण ज्या मुलीला नंदुरबारलाच लागलंय ती शिकतानाच तेच पेशंट बघणार, तिला बाँडची एवढी धास्ती राहणार नाही.

एप्रन_धुवायचाय
इंटर्नचं विद्यावेतन पण वाढलंय, अकरा हजाराचे अठरा झाले. वेळेवर येतं का ते विचारू नका

शेवभाजी_प्रेमी
नंदुरबारला मिरची मार्केटच्या बाजूने जा एकदा सीझनमध्ये, अख्खं मैदान लाल. मेसची भाजी पण तशीच असेल 😄

अमळनेरकर_आप्पा
मी मुलगी लिहितेय, पप्पांच्या आयडीवरून. मोबाईलमध्ये ब्रोशरच वाचत होते. नंदुरबार मला चालणार आहे, अमळनेरहून थेट रेल्वे आहे, धुळ्याला एसटी. माझा विचार असा आहे की उद्या जॉइन करायचं, रिटेन्शन भरायचं नाही, आणि पुढे यादीत फक्त धुळे आणि जळगाव जीएमसी, प्रायव्हेट एकही नाही. मुंबई पुणे माझ्या मार्कांत येत नाही. यात काही चुकतंय का एवढंच सांगा. आणि धुळे लागलं तर नंदुरबारला भरलेली फी आणि ओरिजिनल कागद परत कधी मिळतात?

नाईट_ड्युटी_संपेना
काही चुकत नाही. वरचं लागलं की पहिल्या कॉलेजातून कागद घेऊन ठरलेल्या तारखेच्या आत नव्या ठिकाणी हजर व्हायचं, त्यात उशीर झाला तर पंचाईत. जॉइन करताना कागद जमा केल्याची पावती मागून घे, शिक्का बघ. फी परतीचं ज्या त्या कॉलेजच्या अकाउंट सेक्शनला विचार, बँक पासबुकची झेरॉक्स सोबत ठेव.

धुळे_08_बॅच
शाब्बास पोरी. धुळे लागलं तर मेसेज कर, चक्करबर्डीला कॅम्पस आहे, गावापासून बाजूला, हॉस्टेलचं कोणाला भेटायचं ते सांगतो.

एप्रन_धुवायचाय
आणि नंदुरबारच राहिलं तर रडू नको. पहिलं वर्ष कुठेही गेली तरी अ‍ॅनाटॉमी, फिजिओ, बायोकेमच आहे, पेशंटचं खरं दुसऱ्या वर्षापासून सुरू होतं.

अमळनेरकर_आप्पा
मी आप्पा. ठरलं मग. साडूला सांगितलं, तो फोनवर चिडलाय. सकाळी आधी बँकेत जातो. कोणी नंदुरबारचं आहे का, स्टेशनवरून कॉलेजला रिक्षावाला किती घेतो?

जामनेर_ट्यूशन
ताई लातूरला मेस कशी होती ते सांगा ना, मुलाला पोटाचा त्रास आहे

यावलचा_नाना
70-30 परत आणणार आहेत असं ऐकलंय.