उ: बांधावरच विहिरीचं पाणी तपासता येईल का?

रामन यंत्र (लेसर टाकून, विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखणारं) आता हातात मावतं, तेव्हा पाण्यात चांदीचे नॅनोकण टाकले की निफाड-दिंडोरीतल्या कुठल्याही विहिरीतलं फवारणीचं औषध बांधावरच कळेल, असं या चर्चेत वर म्हटलंय. अर्धं पटलं. पाण्याचा स्वतःचा रामन संकेत क्षीण असतो, आणि कणांमुळे रेणूचा संकेत लाखो पटींनी वाढतो, हे खरंच. पण रेणू कणाला अगदी खेटून, काही नॅनोमीटरच्या आत आला तरच. शोधनिबंधांत थायरम हे बुरशीनाशक वारंवार दिसतं ते याचमुळे: त्यातलं गंधक चांदीला घट्ट धरतं. ग्लायफोसेट हे तणनाशक तसं चिकटत नाही, शिवाय त्याचा संकेतही मुळात दुबळा. आणि द्राक्षबागेत मारतो त्या मोरचुदातलं तांबं? सुट्ट्या धातूच्या आयनाला कंप पावायला बंधच नाही. त्याला पकडणारा दुसरा रेणू कणांवर आधी बसवावा लागतो.

चर्चेत न आलेली गोष्ट म्हणजे क्षार. कॉलेजात आम्ही सायट्रेटवाला चांदीचा सोल (पाण्यात तरंगणारे नॅनोकण) केला होता. डिस्टिल्ड पाण्यात छान पिवळा राहिला, गावाकडच्या विहिरीचं मचूळ पाणी ओतताच करडा पडला. क्लोराइडमुळे कण एकमेकांना चिकटतात. थोडे चिकटले तर संकेत उलट वाढतो (मधल्या फटींत प्रकाशाचं विद्युतक्षेत्र सर्वांत तीव्र), जास्त झाले की गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणजे एकच औषध, तेवढंच प्रमाण, पण दोन विहिरींत आकडा वेगळा. त्या-त्या पाण्यात माहीत असलेली मात्रा घालून आधी मोजल्याशिवाय मी तरी अशा आकड्यावर विश्वास ठेवणार नाही. संशयित विहिरी निवडायला चालेल, पण पुढे नमुना प्रयोगशाळेत एलसी-एमएसलाच (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून मोजणारं यंत्र) द्यावा.