मदत हवी आहे: जुनापाणीची शिळावर्तुळं थडगीच कशावरून?

मंडळी, शाळेच्या आठवी-नववीच्या मुलांना जुनापाणीला न्यायचं ठरलंय. नागपूरच्या जवळच, काटोल रोडला. मी भूगोल शिकवते, पुरातत्त्व वाचनापुरतं.

तिथे मोठे धोंडे गोलाकार मांडून केलेली सुमारे ३०० वर्तुळं आहेत, ती थडगी मानतात, लोहयुगातली, म्हणजे इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ साली त्यांच्यावर लिहिलं. पुढे १९६१च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी त्यातल्या तीन वर्तुळांचं उत्खनन केलं. इथवर ठीक.

अडतंय ते पुढे. विदर्भातल्या अशा वर्तुळांत सापडलेल्या वस्तूंची यादी वाचली तर लोखंडी खंजीर, कुऱ्हाडी, घोड्याचे लगाम, काळी-तांबडी भांडी असं बरंच काही. माणसाच्या हाडांचा उल्लेख मात्र जेमतेम, तोही तुकड्यांचा. आमची कार्टी पहिला प्रश्न हाच विचारणार, "मॅडम, माणूस कुठाय?" काय सांगू? आणि मोठं वर्तुळ सरदाराचं, लहान गरिबाचं, असं म्हणावं का?

दुसरं, काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभ्यासकांना असे धोंडे वर्तुळात ठरावीक दिशांनाच आढळले. दिशा मुद्दाम निवडली असेल, मान्य. पण तेवढ्यावरून थेट वेधशाळा म्हणणं मला घाईचं वाटतं. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
ताई, प्रश्न रास्त आहे. देह आधी दुसरीकडे ठेवायचा आणि मागाहून उरलेल्या अस्थींपैकी थोड्या आणून पुरायच्या, अशी रीत बऱ्याच महापाषाणी (म्हणजे मोठे धोंडे रचून थडगी, स्मारकं बांधणाऱ्या) समाजांत होती. त्यामुळे अख्खा सांगाडा मिळेलच असं नाही. काही वर्तुळं नुसती स्मारकंही असतील.
थडगं ओळखायचं ते आतल्या मांडणीवरून. वस्तीच्या जागी फुटकी खापरं, राख, चुली असा रोजचा पसारा सापडतो. इथे भांडी आणि हत्यारं एकत्र, मुद्दाम ठेवलेली दिसतात. नागपूरजवळच्याच माहूरझरीच्या अशाच वर्तुळांत १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या उत्खननात घोड्याचे अवशेष आणि त्याच्या डोक्यावरचा तांब्याचा साजही मिळाला. रोजच्या कचऱ्यात असलं काही कोण टाकेल? लोकांची वस्ती बघायची तर विदर्भातल्याच नायकुंड या गावाबद्दल वाचा, तिथे लोखंड गाळायची भट्टीच सापडली आहे.
सरदार-गरीब मात्र सांगू नका. मोठ्या वर्तुळाला जास्त हात लागले, इतकंच खात्रीचं.

प्रतिसाद २
वेधशाळेबद्दल तुमच्याशी सहमत. मुलांना होकायंत्र देऊन खळग्यांच्या दिशा त्यांनाच नोंदवू द्या, मजा येईल. सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात खळगे स्पष्ट दिसतात. फोटोसाठी त्यांत खडू भरायची काहींना खोड असते, तेवढं करू देऊ नका.

धागाकर्ती
दोघांचे आभार. होकायंत्रं शाळेत आहेत. माहूरझरीचा तो साज नागपुरात कुठे पाहायला मिळतो का, तेही कुणी सांगाल?