घटनेच्या मसुद्यातला 'महामंडळ' हा शब्द

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या घटनेचा मराठी मसुदा वाचला. समितीनं मेहनत घेतली आहे, पण पहिल्याच कलमाशी अडखळले: 'हे मंडळ एक ना-नफा महामंडळ आहे.' महामंडळ म्हटलं की डोळ्यांपुढे लाल एसटी येते, नाहीतर आयुर्विम्याचा हप्ता. तो शब्द बहुतेक सरकारनं काढलेल्या संस्थांचा. आपल्यामागे आहे ती सभासदांची वर्गणी. साधं 'नोंदणीकृत संस्था' लिहा ना.
— मराठी शाळेची शिक्षिका

ताई,

'महामंडळ' काढतो. पण 'नोंदणीकृत' अपुरं पडतं. नोंदणी जन्माची होते, लग्नाची होते, गाडीचीही होते. आपण राज्याकडे कागद दाखल केले तेव्हा मंडळ स्वतःच कायद्याच्या लेखी एक व्यक्ती झालं. खातं त्याच्या नावावर, करार त्याच्या नावानं, समित्या आल्या-गेल्या तरी ते तेच.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका दिवाळीला नाटकाचा सेट ओढताना हॉलच्या लाकडी फरशीवर हातभर लांब ओरखडा पडला. हॉलच्या करारावर तेव्हाच्या अध्यक्षांनी नुसती सही केली होती, मंडळाचं नाव कुठेच नव्हतं. दुरुस्तीचं बिल त्यांच्या घरी गेलं. पद सोडून त्यांना चार महिने झाले होते. वहिनींनी तो लिफाफा माझ्यापुढे ठेवला, तेव्हा काय बोलावं सुचेना. म्हणून 'निगमित संस्था' हवं.
— सचिव

सचिवसाहेब, मुद्दा पटला, शब्द नाही. 'निगम' हिंदी वाटतो. तिकडे नगर निगम, आपल्याकडे महानगरपालिका. तिकडे जीवन बीमा निगम, आपल्याकडे आयुर्विमा महामंडळ.
— शिक्षिका

ताई, मध्ये बोलतो. मी नाशिकचा, पांडवलेणी लहानपणापासून पाहिलेली. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यानं नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांकडे ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमचे ठेवले. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० वर महिना शेकडा एक, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून वीस भिक्खूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. उरलेल्या १००० वर शेकडा पाऊण, आणि लेखातही 'पायून' असंच कोरलंय! विणकरांच्या संघाला तिथे 'कोलिकनिकाय' म्हटलंय, आणि हा व्यवहार 'निगमसभेत', म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवून नोंदवल्याचंही लिहिलंय. मुद्दल कायमचं ठेवलं, कारण विणकर गेले तरी निकाय राहणार याची त्याला खात्री होती. आज कायद्याच्या मराठीतही 'निगम निकाय' म्हणतात. हे दोन्ही शब्द आपल्याच डोंगरात कोरलेले आहेत, ते हिंदीला का देऊन टाकायचे?
— नाशिककर काका

काका, 'पायून' वाचून अंगावर काटा आला. शनिवारी मुलांना फळ्यावर लिहून दाखवते. 'निगमित' राहू द्या. मात्र त्याच कलमाखाली साध्या मराठीत एक ओळ घाला: 'प्रत्येक करार मंडळाच्या नावानं होईल आणि सही करणारा आपल्या नावाखाली "मंडळाकरिता" असं लिहील.' आणि वहिनींचे ते पैसे मंडळानं परत केले का?
— शिक्षिका

पुढच्याच महिन्यात, मंडळाच्या चेकनं. ओळ घातली.
— सचिव