अनुभव धागा: चैत्राच्या सुट्टीत बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा

पाडवा, रामनवमी, आंबेडकर जयंती अशा सुट्ट्या लागोपाठ आल्या की मुंबईतली मराठी घरं कोकण नाहीतर महाबळेश्वर गाठतात. बडोद्याकडे फार कमी जण वळतात, याची मला खरंच खंत वाटते. गायकवाडांचं कुटुंब आजही जिथे राहतं तो राजवाडा मुंबईहून रेल्वेनं काही तासांवर आहे. जाऊन आलेल्यांनी इथे लिहा: काय पाहिलं, पोरं रमली का, वडीलधाऱ्यांना झेपलं का. सुरुवात मीच करते.

सासूबाईंना घेऊन गेले होते. दरबार हॉलची मोझेकची जमीन आणि रंगीत काचांच्या खिडक्या त्यांनी भराभर पाहिल्या. पाय थबकले ते राजा रविवर्मांच्या तैलचित्रांपाशी. त्यांच्या माहेरी, गिरगावातल्या चाळीत, रविवर्मांची छापील सरस्वती भिंतीवर असायची. सयाजीराव महाराजांनी रविवर्मांकडून मुद्दाम चित्रं काढून घेतली होती. पुढे 1894 साली रविवर्मांनी मुंबईत छापखाना काढला, आणि त्यांचे देव चाळीतल्या खोल्यांपर्यंत पोचले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा साडीचा काठ बघ. आमच्या चित्रात कधी दिसलाच नव्हता." आत फोटो काढू देत नाहीत, तेही बरंच. माणसं चित्रापुढे उभी राहून बघतात.

बोरिवलीहून:
आम्ही इथूनच सकाळची शताब्दी पकडली, दुपारच्या आत बडोद्यात. मुलांना शस्त्रागारातल्या तलवारी आवडणार हे ठाऊक होतं, पण ती खरी खुलली आवारात. एवढी हिरवळ, जुनी झाडं, मधूनच मोर! आमच्या सोसायटीत बिचारी गाड्यांमधून वाट काढत खेळतात. आवारातल्या फतेहसिंह संग्रहालयाची इमारत मुळात राजपुत्रांची शाळा होती. लेकीनं विचारलं, "राजाच्या मुलांनाही शाळा?" मग तिला सांगितलं, याच राजानं, सयाजीराव महाराजांनी, 1906 मध्ये संस्थानातल्या सगळ्या मुलामुलींसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. हे ती घरी येऊन आजोबांना दोनदा सांगत होती.

मुलुंडहून:
बांधकामात आयुष्य गेलं, म्हणून माझं लक्ष इमारतीकडेच. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. काम चालू असतानाच 1881 मध्ये ते वारले, आणि रॉबर्ट चिझम यांनी 1890 मध्ये राजवाडा पुरा केला. घुमट, जाळ्या, झरोके आणि वर युरोपीय धाटणीचा मनोरा असं सगळं एकत्र असूनही काही उपरं वाटत नाही. आत शिरायच्या आधी लांबून निवांत बघा.

चेंबूरहून:
आम्ही 14 एप्रिलला जोडून गेलो. राजवाडा पाहताना माझ्या मनात एकच गोष्ट होती: 1913 साली बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला, कोलंबिया विद्यापीठात गेले. ती देणारे हेच महाराज. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेला हा राजा, त्याला शिक्षणाची किंमत कळली होती. पण 1917 मध्ये बाबासाहेब इथे नोकरीला आले तेव्हा या शहरानं त्यांना राहायला जागा दिली नाही. जात कळल्यावर पारशी वसतिगृहातून हुसकावलं. सयाजीबागेत एका झाडाखाली बसून त्यांनी आयुष्य अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्याला द्यायचं ठरवलं. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. राजवाड्याचं वैभव पाहून तिथे न जाता परतलात, तर बडोदं अर्धंच पाहिलंत असं मी म्हणेन. वडील तिथे बराच वेळ बसले. उठवावंसं वाटलं नाही.

दादरहून:
एप्रिलचं ऊन बेतानं घ्या. टोपी, पाणी आणि सकाळची वेळ. आत चालणं बरंच आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करू नये. सोमवारी किंवा सणाच्या दिवशी जायचं असेल तर उघडं आहे का ते आधी फोन करून विचारा. बोरिवलीच्या ताई, आवारातली नवलखी वाव (पायऱ्यांची विहीर) तुम्हाला पाहायला मिळाली का? ती 1405 सालची, राजवाड्याहून कितीतरी जुनी. आम्हाला त्या बाजूला जाता आलं नाही. परवानगी कशी काढायची ते कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा, मे महिन्यात भाचरांना घेऊन पुन्हा जायचं आहे.