स्थिर कॅमेऱ्यातली भीती

‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ या भयपटात निम्मा चित्रपट संपेपर्यंत काहीच घडत नाही, ही तक्रार मला अर्धीच पटते. दिग्दर्शक ओरेन पेली यांनी सॅन दिएगोतील स्वतःच्या घरात सुमारे १५,००० डॉलरांत केलेला हा चित्रपट २००९ मध्ये सर्वत्र प्रदर्शित झाला आणि त्याने १९ कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली. रात्रीच्या दृश्यांत तिपाईवरचा कॅमेरा हलतच नसल्याने नेमके कोठे पाहायचे हे कोणी सुचवत नाही; दार, पलंग, अंधारलेली मार्गिका सारे आपल्यालाच न्याहाळावे लागते आणि पडद्याच्या कोपऱ्यातले वेगाने पळणारे घड्याळ एकाएकी मंदावले की छातीत धस्स होते.

खरा दोष मला घरातला हा प्रकार चित्रित करणाऱ्या मिकाच्या पात्रात दिसतो. त्याची प्रेयसी केटी वारंवार विनवत असतानाही तो घरातल्या अदृश्य शक्तीला डिवचत राहतो, त्यामुळे सहानुभूतीऐवजी चीडच येते. शिवाय पुण्यातल्या मल्टिप्लेक्समधील सक्तीचे मध्यंतर अशा संथ चित्रपटाला मारकच ठरते, म्हणून तो घरी, रात्री, हेडफोन लावून सलग पाहावा.