मदत हवी आहे: सर्वेक्षणाच्या पद्धतीचा परिणाम आकड्यांतून वेगळा कसा काढावा?

नमस्कार. पचनाच्या कार्यात्मक विकारांचे (म्हणजे नेहमीच्या तपासण्यांत शारीरिक बिघाड दिसत नसतानाही होणाऱ्या बद्धकोष्ठतेसारख्या त्रासांचे) निरनिराळ्या देशांतील प्रमाण या विषयावर मी प्रबंध लिहीत आहे आणि एका ठिकाणी अडले आहे. संख्याशास्त्र किंवा साथरोगशास्त्रातील जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

माझा मुख्य आधार म्हणजे या विकारांच्या निदानाचे निकष ठरवणाऱ्या रोम फाउंडेशन या संस्थेचे २०२१ साली प्रसिद्ध झालेले ३३ देशांतील सर्वेक्षण. त्यात ७३ हजारांहून अधिक प्रौढांनी भाग घेतला होता. जेथे प्रश्नावली इंटरनेटवर भरून घेतली, तेथे ४०.३ टक्के लोकांत किमान एक विकार आढळला. जेथे घरोघरी जाऊन मुलाखती घेतल्या, तेथे मात्र २०.७ टक्के लोकांतच. आयबीएसच्या (वारंवार पोटदुखी आणि शौचाच्या सवयीत बदल होणारा विकार) बाबतीत हे आकडे अनुक्रमे ४.१ आणि १.५ टक्के आहेत. निदानाचे निकष दोन्हीकडे तेच, म्हणजे याच संस्थेचे २०१६ चे रोम-४.

एवढी तफावत केवळ देशादेशांतील फरकामुळे असेल, हे मला पटत नाही. सरावासाठी घेतलेल्या एका मुलाखतीत शौचाला जोर करावा लागतो का, असे विचारताच समोरच्या बाईंनी शेजारी बसलेल्या मुलाकडे पाहिले आणि ‘नाही’ म्हटले. नंतर एकट्याने कागदावर भरताना त्याच प्रश्नापुढे त्यांनी ‘नेहमी’वर खूण केली. तो कागद हातात घेतल्यापासून घरोघरच्या मुलाखतींतील प्रत्येक ‘नाही’कडे मी साशंकपणे पाहू लागले आहे. अर्थात इंटरनेटवरील आकडाच खरा, असेही म्हणता येत नाही, कारण तेथे उत्तरे देणारा वर्ग मुळातच निराळा असू शकतो आणि प्रश्न नीट समजला नाही तर तो समजावून सांगायला कोणी नसते.

या सर्वेक्षणात चीन आणि तुर्कस्तान या दोनच देशांत दोन्ही पद्धती वापरल्या होत्या. तेथील फरकावरून पद्धतीचा परिणाम काढून तो उरलेल्या देशांना लावणे योग्य ठरेल का? प्रश्न विचारण्याच्या पद्धतीसोबत उत्तरे देणारी माणसेही बदलली असतील, तर वय, लिंग व शिक्षणानुसार भारांकन करणे (म्हणजे लोकसंख्येतील प्रमाण पाहून प्रत्येक गटाच्या उत्तरांना कमी-अधिक वजन देणे) पुरेसे होईल का, की दोन्ही गटांचे आकडे एकत्र न करता वेगवेगळेच मांडावेत? माझा कल वेगळे मांडण्याकडे आहे, परंतु मार्गदर्शकांना एकच तक्ता हवा आहे. कोणी असे विश्लेषण प्रत्यक्ष केले असल्यास कोणते प्रारूप वापरले, तेही कृपया सविस्तर लिहावे.